वाचकमैत्री: आवडी जुळल्यामुळे, की न जुळूनही?

समास (धागाकर्ती)

पुस्तकांविषयी लिहिता-वाचताना ज्यांची ओळख होते आणि पुढे ज्यांच्याशी मैत्री जडते, परंतु ज्यांना आपण कधी पाहिलेलेही नसते, अशा माणसांविषयी हा धागा आहे. अशा मैत्रीचे कारण विचारले, तर बहुतेक जण ‘आमच्या आवडी जुळल्या’ असे सांगून मोकळे होतात. मला हे उत्तर अपुरे वाटते.

आवडी जुळणारी माणसे आता शोधावी लागत नाहीत. २००५ मध्ये लायब्ररीथिंग आणि २००७ मध्ये गुडरीड्स ही वाचकांची संकेतस्थळे सुरू झाली, तेव्हापासून आपल्या संग्रहातली पुस्तके नोंदवली की तो दुसऱ्या वाचकाच्या संग्रहाशी किती जुळतो, हे यंत्रच सांगू लागले. केवळ आवड जुळल्याने मैत्री होत असती, तर ज्यांचा संग्रह आपल्याशी सर्वाधिक जुळतो त्यांच्याशी आपली घट्ट मैत्री व्हायला हवी होती. माझ्या बाबतीत तसे घडलेले नाही. ज्या वाचक मैत्रिणीशी माझा सर्वांत जुना पत्रव्यवहार आहे, तिच्या आणि माझ्या कपाटात सामाईक पुस्तके फार थोडी निघतील. तिला पिढ्यान्‌पिढ्यांचा पट मांडणाऱ्या जाडजूड कादंबऱ्या लागतात. मी कथासंग्रहांत रमते आणि ४०० पानांपुढचे पुस्तक हाती घेताना दहा वेळा विचार करते. तरीही कोणतेही पुस्तक मिटले की ‘हिला हे कसे वाटले असते’ हा प्रश्न माझ्या मनात हमखास येतो, आणि त्याचे उत्तरही बऱ्याचदा मला ठाऊक असते. दुसऱ्याची वाचण्याची रीत इतकी परिचयाची होणे, की तो समोर नसतानाही त्याचा आक्षेप आपल्याला ऐकू यावा, हीच माझ्या दृष्टीने वाचकमैत्री.

वाचण्याची रीत हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कोणी कथानकाच्या ओघाबरोबर धावतो, कोणी एकेका वाक्यापाशी थबकतो. कोणी पात्रांचा न्यायनिवाडा करतो, तर कोणी लेखकाचा. कोणाला लहान मुलाचा मृत्यू असलेली कथा पुढे वाचवत नाही. त्याचे कारण तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. एखाद्याने पुस्तकांविषयी लिहिलेले काही वर्षे वाचत राहिले, तर त्याचा व्यवसाय, वय किंवा घरची माणसे यांपैकी काहीही कळलेले नसते. पण तो कशाला बिचकतो, कशाने हरखतो, कोणाचे दुःख त्याला चटकन दिसते आणि कोणाचे दिसत नाही, हे पुरेपूर कळलेले असते. शेजाऱ्यांच्या बाबतीत आपली माहिती नेमकी उलट असते.

त्या मैत्रिणीची आणि माझी ओळख मुळी वादातून झाली. मी एका कादंबरीचे भरभरून कौतुक केले होते. त्यावर तिने विचारले की निवेदकाची करुणा तुम्हाला भावली हे ठीक, परंतु त्या घरात राबणाऱ्या बाईला अख्ख्या पुस्तकात नाव दिलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले का? ते लक्षात आले होते. मी ती लेखकाची योजना मानत होते आणि अजूनही मानते. तिला तो लेखकाचा आंधळेपणा वाटत होता आणि अजूनही वाटतो. तो वाद मिटलेला नाही. मला त्या दिवशी सुखावून गेले ते इतकेच, की माझे लेखन कोणीतरी ओळन्‌ओळ वाचून मग असहमती दर्शवली होती. कौतुक करणाऱ्यांपैकी कितींनी ते तसे वाचले असेल, याविषयी मला शंका आहे.

आधी वाचन आणि मग माणूस हा क्रम नवाही नाही. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन याने मैत्रीवरच्या आपल्या निबंधात नोंदवले आहे, की ला बोएसी या मित्राची प्रत्यक्ष भेट होण्याच्या पुष्कळ आधी त्याचा स्वेच्छेने पत्करलेल्या गुलामगिरीवरचा लेख वाचनात आला होता आणि त्याचे नाव प्रथम कळले ते त्या लेखामुळेच. ज्या मैत्रीचे दाखले आजही दिले जातात, तिची पहिली पायरी हस्तलिखित वाचण्याची होती.

तुमच्या अशा मैत्रीत आवडीचा वाटा किती आणि मतभेदाचा किती, हे वाचायला आवडेल. केवळ ‘छान विषय’ एवढाच प्रतिसाद देऊ नये, ही विनंती.

तळटीप

समासताई, विषय जुना आहे आणि जुन्यांनी त्यावर बरेच लिहून ठेवले आहे, म्हणून मी तिकडून सुरुवात करतो. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या दहा भागांपैकी आठवा आणि नववा हे दोन भाग मैत्रीला दिले आहेत. उपयोगासाठी केलेली, सुखासाठी केलेली आणि एकमेकांच्या चांगुलपणावर आधारलेली अशा तीन मैत्री तो सांगतो. सुखासाठीची मैत्री विशेषतः तरुणांमध्ये चटकन जुळते आणि चटकन तुटते, कारण ज्यात सुख वाटते त्या गोष्टीच बदलत जातात, असे त्याचे निरीक्षण आहे. आवडीवर उभी असलेली वाचकमैत्री या दुसऱ्या प्रकारात मोडते. रहस्यकथांच्या वेडातून एकत्र आलेली माणसे त्यांच्यापैकी एकाचे वेड ओसरले की पांगतात, आणि त्यात कोणाचा दोषही नसतो. तुम्ही ज्या मैत्रीविषयी लिहिले आहे, ती आवडी बदलल्यानंतरही टिकते, म्हणून तिचे मूळ आवडीत नसावे, हे तुमचे म्हणणे मला पटते.

मात्र ॲरिस्टॉटलने एक अट घातली आहे आणि ती आपल्याला अडचणीची आहे. मित्रांनी एकत्र राहिले पाहिजे, असे तो पुनःपुन्हा बजावतो. एकत्र मीठ खाल्ल्याखेरीज माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही त्याच्या काळची म्हण तो उद्धृत करतो. आपण तर एकमेकांचा आवाजही ऐकलेला नसतो. परंतु नवव्या भागात तोच पुढे असा खुलासा करतो, की माणसांच्या बाबतीत एकत्र राहणे म्हणजे बोलण्यात आणि विचारात सहभागी होणे. गुरांप्रमाणे एकाच कुरणात चरणे नव्हे. हा खुलासा आपल्या बाजूचा आहे असे मी समजतो. एका छपराखाली राहून एकमेकांच्या विचारांत कधीही सहभागी न झालेली माणसे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

मलपृष्ठ

थोडे विरजण घालण्याचे काम मी माझ्याकडे घेतो.

जोसेफ वॉल्थर या संज्ञापनाच्या अभ्यासकाने १९९६ मध्ये असे मांडले, की संगणकावरून होणारा केवळ लेखी संवाद काही वेळा समोरासमोरच्या संवादापेक्षाही अधिक जिव्हाळ्याचा होतो. त्याची कारणमीमांसा अशी, की लिहिणारा स्वतःची निवडक, घासूनपुसून घेतलेली बाजू दाखवतो. वाचणारा उरलेल्या मोकळ्या जागा आपल्या मनाप्रमाणे, बहुधा चांगल्याच रंगाने, भरून काढतो. आणि मग त्या चांगल्या प्रतिमेला जागण्याचा प्रयत्न दोन्ही बाजूंनी सुरू होतो. आता यात वाचकांची भर घाला. कादंबरीतल्या दोन ओळींच्या वर्णनावरून सबंध माणूस डोळ्यांपुढे उभा करण्याची सवय ज्यांना जडली आहे, ते एखाद्या आयडीवरूनही माणूस उभा करणारच. समास यांना मैत्रिणीचे उत्तर आधीच ऐकू येते, असे त्या म्हणतात. ते उत्तर मैत्रिणीचे आहे की समास यांनी रचलेल्या एका पात्राचे, हे कसे ठरवायचे?

दुसरा प्रश्न वेळेचा. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ओळखीतून जुजबी मैत्री होण्यास सुमारे ५० तास, खरी मैत्री म्हणावी अशा टप्प्यास सुमारे ९० तास आणि जवळची मैत्री होण्यास २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात. आपण एकमेकांना लिहिलेल्या प्रतिसादांची बेरीज करून पाहावी. माझ्या अंदाजाने आपल्यातले बहुतेक जण पहिल्या टप्प्याच्याही अलीकडे आहेत. याला ओळख म्हणावे, परिचय म्हणावे, स्नेहही म्हणावे. मैत्री हा शब्द अडीअडचणीला धावून येणाऱ्यांसाठी राखून ठेवावा.

समास

मलपृष्ठ, प्रतिमा रचली जाते हे मला मान्य आहे. परंतु वॉल्थर यांच्या विवेचनात जी निवड आहे, ती स्वतःला सादर करताना केलेली निवड आहे. स्वतःविषयी लिहिताना माणूस सावध असतो. पात्राविषयी लिहिताना तो बेसावध होतो. आमच्या चर्चेत एक अत्यंत संयमी गृहस्थ होते, जे प्रत्येक मुद्द्याची दुसरी बाजू मांडल्याशिवाय पुढे जात नसत. एका कादंबरीतला बाप मुलाच्या यशाकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करतो, त्या प्रसंगावर या गृहस्थांनी इतके जळजळीत लिहिले, की आम्ही सगळे गप्प झालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मजकूर काढून टाकला. कोणीही त्याचा पुन्हा उल्लेख केला नाही. त्या एका परिच्छेदाने त्यांची जी ओळख झाली, ती घासूनपुसून घेतलेली निश्चितच नव्हती. पुस्तकांविषयीचे बोलणे वरवर निर्व्यक्तिक असते, आणि नेमके त्यामुळेच त्यात माणूस उघडा पडतो.

आणि रचलेले पात्र आणि खरी व्यक्ती यांतला फरक ओळखण्याची कसोटी आमच्याकडे आहे. मी गृहीत धरलेले उत्तर ती अधूनमधून खोटे ठरवते. जे पुस्तक ती फाडून खाईल अशी माझी खात्री होती, ते तिने उराशी धरले, असे घडलेले आहे. माझे रचलेले पात्र मला असा धक्का देऊ शकले नसते.

हॉल यांच्या तासांविषयी. त्यांचा अभ्यास नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा होता. म्हणजे प्रत्यक्ष सहवासाचा होता. त्यातही तास सरसकट मोजून भागत नाही. कामाच्या ठिकाणी किंवा वर्गात नुसते सोबत घालवलेले तास जवळीक वाढवण्यास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, थट्टामस्करी, खुशाली विचारणे आणि मनातले बोलणे उपयोगी पडते, असेही त्यांना आढळले. मग एखादी मोठी कादंबरी मी मैत्रिणीच्या शेऱ्यांसह, तिच्याशी मनातल्या मनात भांडत वाचते, ते तास कोणत्या खात्यात टाकायचे? तेव्हा ती हजर नसते हे खरे; पण ती नसती तर मी ते पुस्तक तसे वाचले नसते, हेही तितकेच खरे.

पानखूण

तत्त्वज्ञान आणि तासांचा हिशेब जाणकारांकडे सोपवून मी सहवाचनाविषयी लिहिते, कारण माझ्या सगळ्या वाचकमैत्री तिथे झाल्या.

एकच पुस्तक ठरवून, ठरावीक भाग वाचून, आठवड्याअखेरीस त्यावर लिहायचे, हा प्रकार वरून फार सोपा दिसतो. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात माणसांचे स्वभाव बाहेर पडतात. एकाला धीर धरवत नाही. तो पुस्तक संपवून बसतो. आता ज्याला शेवट ठाऊक आहे त्याने, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्याशी, बोलायचे कसे? रहस्य सांगायचे नाही एवढे पथ्य पुरत नाही. ‘त्या पत्राकडे नीट लक्ष द्या’ एवढे म्हटले तरी घोटाळा होतो, कारण पत्र महत्त्वाचे आहे हे त्याने सांगून टाकलेले असते. अगदी ‘तुम्हाला हा भाऊ कसा वाटला?’ या निरुपद्रवी प्रश्नातही सूचना दडलेली असते. आमच्या गटातल्या अशा एका वेगवान वाचकाने स्वतःसाठी नियम करून घेतला, की पुस्तक संपले असले तरी चर्चा चालू असलेला भाग पुन्हा वाचायचा आणि फक्त त्या भागातल्या मजकुरावरच बोलायचे. हे कोणी त्याला सांगितले नव्हते. दुसऱ्याच्या अज्ञानाचा इतका मान राखणारा माणूस मला तोवर प्रत्यक्ष आयुष्यातही क्वचितच भेटला होता, आणि तो माझा मित्र झाला यात नवल नाही.

याच्या उलट टोकाला पुस्तक अर्धवट सोडणारे असतात. सोडण्यात काहीच गैर नाही. पण सोडले हे सांगण्याचा संकोच वाटतो, मग उत्तरे आखूड होत जातात, मग ‘या आठवड्यात जमले नाही’ सुरू होते, आणि एक दिवस माणूसच दिसेनासा होतो. पुस्तक आवडले नाही हे सांगता येत नाही म्हणून मैत्री गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यातही सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे मित्राने अत्यंत प्रेमाने सुचवलेले पुस्तक आपल्याला न रुचणे. ‘वाचेन सवडीने’ म्हणत टोलवत राहण्यापेक्षा, नेमके कुठल्या पानापासून माझे मन उडाले ते लिहून कळवणे मला अधिक आदराचे वाटते. सुचवणाऱ्याने आपल्यासाठी विचार केलेला असतो, म्हणून नकारही विचारपूर्वक द्यावा.

शिफारशीवरून आणखी एक. ‘हे वाचणाऱ्यांनी तेही वाचले’ असे सांगणे यंत्राला जमते आणि चांगले जमते. ‘हे तू सध्या वाचू नकोस’ असे यंत्र सांगत नाही. माझ्या घरात एक दुःखद घटना घडली, त्या काळात मी एक पुस्तक वाचायला घेत असल्याचे सहज लिहिले होते. एका मैत्रिणीचा खासगी निरोप आला, की ते पुढच्या वर्षी वाच. कारण तिने लिहिले नाही आणि मी विचारले नाही. पुढे ते वाचले तेव्हा मधल्या एका प्रकरणात कारण सापडले. मलपृष्ठ यांनी अडीअडचणीला धावून येण्याचा उल्लेख केला, म्हणून हे लिहिले.

संथवाचक

मी वाचतोही सावकाश आणि प्रतिसादही उशिरा देतो, त्याबद्दल क्षमस्व.

या मैत्रीची एक उणीव अजून कोणी मांडलेली नाही. अशा मैत्रीला साक्षीदार नसतात. माझा एक वाचकमित्र आहे हे माझ्या घरी कोणाला माहीत नाही, आणि त्याच्या घरी मी कोणाला माहीत नाही. नेहमीच्या मित्राला काही झाले, तर कोणीतरी फोन करते. इथे फक्त प्रतिसाद येणे थांबते. मग आपण तर्क करत बसतो. वाचन सुटले असेल, कंटाळा आला असेल, आपल्याच एखाद्या शेऱ्याने दुखावला असेल, आजारी असेल, किंवा आता नसेलही. या सर्व शक्यता बाहेरून अगदी एकसारख्या दिसतात.

हेलीन हॅन्फ या न्यूयॉर्कमधल्या लेखिकेचा आणि लंडनच्या मार्क्स अँड कंपनी या जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या फ्रँक डोएल यांचा पत्रव्यवहार अनेकांना ठाऊक असेल. तो १९४९ मध्ये पुस्तकांच्या मागणीने सुरू झाला. डोएल डिसेंबर १९६८ मध्ये वारले, आणि हॅन्फ यांना ते जानेवारीत, दुकानातून आलेल्या पत्राने कळले. त्यानंतर, १९७१ मध्ये, त्या पहिल्यांदा लंडनला गेल्या. म्हणजे जवळजवळ वीस वर्षांच्या मैत्रीत या दोघांची भेट एकदाही झाली नाही. या हकिगतीतला न भेटण्याचा भाग वाचकांना हळवा करतो. मला त्यातले दुकानातून आलेले पत्र महत्त्वाचे वाटते. त्या मैत्रीला एक पत्ता होता, त्या पत्त्यावर इतर माणसे होती, आणि कोणाला कळवायचे हे त्यांना माहीत होते. आपल्यापैकी कितींच्या बाबतीत असे पत्र लिहिणारे कोणी आहे?

भरीस भर म्हणजे जिथे या मैत्री होतात, ती जागाही आपली नसते. शेल्फारी हे वाचकांचे संकेतस्थळ २००६ मध्ये सुरू झाले, २००८ मध्ये ॲमेझॉनकडे गेले आणि २०१६ मध्ये गुडरीड्समध्ये विलीन होऊन संपले. याहू ग्रुप्स ही चर्चागटांची सेवा डिसेंबर २०२० मध्ये कायमची बंद झाली. पुस्तकांच्या याद्या दुसरीकडे हलवता येतात, कारण यादी म्हणजे विदा (डेटा). एखाद्या प्रतिसादाखाली रंगलेला वाद, त्यातली चेष्टा, मध्येच कोणीतरी आठवण काढलेले जुने भांडण, हे सगळे त्या जागेबरोबर जाते. ज्यांच्याशी आपली ओळख केवळ त्या जागेपुरती होती, त्यांचा माग काढण्याचा दुसरा मार्ग नसतो. समासताईंचा माँतेन या बाबतीत आपल्यापेक्षा सुदैवी. ला बोएसी १५६३ मध्ये तरुण वयातच वारला, तेव्हा त्याने आपली पुस्तके माँतेनच्या नावे ठेवली होती, आणि पुढे माँतेन ज्या ग्रंथालयात बसून लिहीत असे, त्यात ती होती.

मलपृष्ठ

पानखूणताईंचा ‘सध्या वाचू नकोस’ हा प्रसंग वाचून मी ‘धावून येणे’ या शब्दांचा अर्थ थोडा सैल करायला तयार आहे. परंतु संथवाचक यांनी जे लिहिले आहे, ते माझ्याच मुद्द्याला बळ देते. ज्या नात्यात माणूस हयात आहे की नाही हेदेखील कळण्याची सोय नाही, त्या नात्याला पूर्ण मैत्री म्हणताना माझी लेखणी अडखळते. अशा वेळी सरळ भेटून का घेऊ नये, हे मला उमगत नाही. भेटीची इतकी धास्ती का?

पानखूण

धास्ती नाही, अनुभव आहे. वर ज्या वेगवान वाचकाविषयी लिहिले, त्याला मी भेटले. पहिला तास विलक्षण अवघड गेला. लेखनात ज्याचे एकेक वाक्य मोजूनमापून येते, तो बोलताना वाक्ये अर्धवट सोडत होता. माझे बोलणे त्याला माझ्या लेखनापेक्षा कितीतरी अधिक ठाम वाटले, असे त्याने नंतर कळवले. आम्ही हवापाण्यावर बोललो, प्रवासावर बोललो, आणि पुस्तकांचा विषय दोघेही टाळत राहिलो, कारण त्याबद्दल नेहमीसारखे बोलता आले नाही तर काय, अशी दोघांच्याही मनात शंका होती. शेवटी निघायच्या बेतात असताना एका अनुवादावरून खटका उडाला आणि मग निघायला रात्र झाली.

भेटीने मैत्री पक्की झाली असे मी म्हणणार नाही. ती आधीच पक्की होती. भेटीने मिळाले ते एवढेच, की आता त्याचे लिहिलेले वाचताना मला त्याचा आवाज ऐकू येतो. काहींना याचीच अडचण होते. माझ्या ओळखीच्या दोघी भेटीनंतर पूर्वीसारख्या लिहीनाशा झाल्या. वय, राहणीमान, बोलण्याची ढब या गोष्टी समोर आल्यावर त्या एकमेकींना जपून उत्तरे देऊ लागल्या, आणि जपून दिलेल्या उत्तरांनी त्यांच्यातला वादच संपला. म्हणून भेटावे की नाही याचा सरसकट नियम नसावा.

अवांतर: वाचकांनी भेटायचे ठरवले तर पुस्तकांच्या दुकानात भेटू नये. दोघेही आपापल्या कपाटासमोर पाठमोरे उभे राहतात आणि वेळ संपतो.

तळटीप

भेटीविषयी पानखूण यांच्याशी सहमत आहे. समासताईंच्या मूळ प्रश्नाला धरून एक मर्यादा नोंदवतो. मतभेदातून मैत्री होते, पण कोणत्याही मतभेदातून होत नाही. पुस्तक दोघांनी वाचलेले असावे लागते, ही पहिली अट आहे, आणि ती वाटते तितकी सहज पूर्ण होत नाही. न वाचता घातलेले वाद अधिक लांबतात असा माझा अनुभव आहे, कारण त्यांना मजकुराचा आधार नसल्यामुळे थांबायला जागाच मिळत नाही. दोघांच्या मध्ये मजकूर असला, की ‘हे वाक्य पाहा’ असे म्हणता येते आणि काही काळ दोघांची नजर एकमेकांवरून हटून तिसऱ्या गोष्टीवर जाते. आपल्या मतभेदांना एरवी ही सवलत मिळत नाही. दोन भाऊ वाटणीवरून भांडतात, तेव्हा त्यांच्या मध्ये असे पान उघडे नसते.

१३४५ मध्ये इटालियन कवी पेत्रार्क याला वेरोना येथे प्राचीन रोममधला वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने आत्तिकस या मित्राला लिहिलेली पत्रे सापडली. ज्याला तो गुरुस्थानी मानत होता, त्या सिसेरोचे राजकारणातले हेलकावे त्या खासगी पत्रांत पाहून त्याला इतका विषाद वाटला, की त्याने थेट सिसेरोलाच, म्हणजे तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला, कानउघाडणीचे पत्र लिहिले. वाचणाऱ्या माणसाला असहमती कोणाला तरी कळवावीशीच वाटते. आपले भाग्य एवढेच, की आपल्याला उलट उत्तर येते.

समास

तळटीप, तुमची मजकुराची अट मला मूळ धाग्यातच मांडायला हवी होती इतकी ती नेमकी आहे. मलपृष्ठ यांना एवढेच सांगते, की ते ज्याला मैत्री म्हणायला तयार नाहीत, त्या गोष्टीवर ते गेले काही दिवस आमच्याशी अत्यंत बारकाईने भांडत आहेत.

संथवाचक यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही. माझ्यासाठी असे पत्र लिहिणारे कोणी नाही. यावर काही व्यवहार्य तोडगा कोणी काढला आहे का?

संथवाचक

आम्ही दोघा-तिघांनी काढला आहे. प्रत्येकाने घरातल्या किंवा विश्वासातल्या एका व्यक्तीला सांगून ठेवायचे, की माझ्या पश्चात अमुक ठिकाणी अमुक आयडीला दोन ओळी कळवाव्यात. सांगताना थोडे चमत्कारिक वाटते. माझ्या मुलीने पहिल्यांदा विचारले, ‘बाबा, हे कोण?’ आणि उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. शिवाय ज्याला दीर्घकाळ लिहायचे नसेल, त्याने ‘काही महिने दिसणार नाही’ एवढे लिहून जायचे. कारण द्यायचे नाही आणि इतरांनी विचारायचे नाही.

मलपृष्ठ

सूचना योग्य वाटते. शंका एवढीच, की यासाठी आपले खरे नाव आणि पत्ता एकमेकांना द्यावा लागतो का? मी टोपणनावाने लिहितो त्याला कारणे आहेत आणि ती मला मोडायची नाहीत.

संथवाचक

नाव द्यावे लागत नाही. कळवणाऱ्या व्यक्तीकडे फक्त आपल्या आयडीचा परवलीचा शब्द बंद पाकिटात ठेवायचा आणि तिने त्याच आयडीवरून निरोप टाकायचा. निरोपात ‘मलपृष्ठ’ एवढाच उल्लेख असला तरी आम्हाला कोण ते कळेल. परवलीचा शब्द बदललात, तर पाकिटातला कागदही बदलायला विसरू नका. आमच्यापैकी एकाचे तेवढेच राहून गेले होते.